मशीन लस धुऊन टाकते का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडहून बेळगावकडे किंवा गडहिंग्लजकडे निघणाऱ्या सकाळच्या एसटीत आणि वडापात काही प्रवासी ठरलेल्या वारी हमखास दिसतात. मांडीवर फाईल, पिशवीत डबा आणि पातळ चादर, भर उन्हाळ्यातही अंगात पूर्ण बाहीचा शर्ट. बाहीखाली कोपराजवळची शीर टचटचून फुगलेली असते आणि ती चारचौघांत दाखवायची नसते. हे डायलिसिसचे रुग्ण. कुणी आठवड्यातून दोनदा, कुणी तीनदा, दोन्ही किडन्यांचे काम मशीनकडून करून घ्यायला निघालेले.

१ मार्च २०२१ पासून कोरोनाची लस सामान्य लोकांसाठी खुली झाली, तेव्हा यांच्यापैकी कुणालाही एक शंका येणे साहजिक होते. "मशीन सगळं रगात धुतंय. मग सोमवारी घेतलेली लस गुरुवारी धुवून जाणार की!" शंका ऐकायला भाबडी वाटते, पण तिच्यात तर्क आहे. एवढे रक्त बाहेर काढून, साफ करून परत आत सोडणाऱ्या यंत्राला टाकायचे काय आणि राखायचे काय हे कसे कळते?

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग धीर देणारा आहे. मशीन लस धुऊन टाकत नाही. दुसरा भाग मात्र तितका सुखाचा नाही. ज्या आजाराने माणूस मशीनपर्यंत पोचतो, तोच आजार लसीचा परिणाम कमी करतो. मशीनवरचा संशय खोटा निघाला, तरी 'लस नीट लागू पडेल का' ही रुग्णाची भीती अगदीच चुकीची नव्हती.

चार तास आणि १२० लिटर पाणी

डायलिसिसच्या आधी एक छोटी शस्त्रक्रिया होते. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडतात. धमनीतले जोराचे रक्त शिरेत शिरू लागले की काही आठवड्यांत शीर रुंद आणि जाड होते. हाच फिस्टुला. त्यावर तळहात ठेवला की आत सतत थरथर जाणवते. ही थरथर चालू आहे ना, हे रुग्ण रोज सकाळी तपासतात. ती थांबली म्हणजे फिस्टुला बंद पडला आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली.

दर खेपेला या शिरेत दोन सुया जातात. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत. मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त फिरते, पण एका वेळी शरीराबाहेर असते ते जेमतेम पाव लिटर. बाहेर आलेले रक्त डायलायझर नावाच्या पारदर्शक नळकांड्यातून जाते. त्याच्या आत केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंचा जुडगा असतो. रक्त तंतूंच्या आतून वाहते आणि तंतूंच्या बाहेरून, उलट्या दिशेने, क्षारांचे मोजून-मापून केलेले शुद्ध द्रावण वाहते. मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने चार तासांत १२० लिटर. म्हणूनच डायलिसिस केंद्रात रुग्णांच्या खाटांइतकेच महत्त्व मागच्या खोलीतल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला असते.

रक्तात युरिया जास्त, बाहेरच्या द्रावणात शून्य. त्यामुळे युरिया तंतूच्या भिंतीतून आपोआप बाहेर सरकतो. पोटॅशियमही असेच बाहेर येते. शरीरात साठलेले जादा पाणी दाबाच्या फरकाने खेचले जाते. मशीनला निवड करण्याची बुद्धी नसते. सगळी निवड तंतूच्या भिंतीतल्या छिद्रांच्या आकारावर सोपवलेली असते. नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ या डॉक्टरने १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, सॉसेजच्या आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी ढोलाला गुंडाळून पहिले कामचलाऊ यंत्र बनवले. नळी बदलली, साहित्य बदलले. छिद्रांवर भिस्त ठेवण्याचे तत्त्व तेच राहिले.

चुरा खाली, गर वर

चंदगड हा काजूचा तालुका आहे, त्यामुळे उदाहरण काजूचेच घ्यावे. फोडून सोललेला काजू चाळणीवर टाकला की चुरा खाली पडतो आणि अख्खा गर वर राहतो. चाळणीला काजूची पारख नसते. तिला फक्त भोके असतात. डायलायझरचे काम असेच चालते.

रेणूंचे वजन डाल्टन या मापात सांगतात. हायड्रोजनच्या एका अणूचे वजन सुमारे एक डाल्टन. युरियाचा रेणू ६० डाल्टनचा, क्रिएटिनिनचा ११३ चा. हे दोघे सहज पार होतात. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन सुमारे ६६,५०० डाल्टनचे. ते शरीराला हवे असते, म्हणून ते जाऊ नये अशाच बेताने छिद्रे ठेवलेली असतात. आणि लस घेतल्यावर शरीर जी मुख्य प्रतिपिंडे तयार करते, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, त्यांचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन. युरियाच्या अडीच हजार पट. ती चाळणीच्या वरच राहतात. पांढऱ्या पेशी तर त्याहून कितीतरी मोठ्या; त्या तंतूतून जशा येतात तशाच शरीरात परत जातात.

खुद्द लसीचे काय? पहिली गोष्ट, ती रक्तात टोचलेली नसते. दंडाच्या स्नायूत दिलेले अर्धा मिलिलिटर औषध बहुतांशी तिथेच आणि काखेतल्या लसिका ग्रंथींत आपले काम करते. दुसरी गोष्ट आकाराची. कोविशील्डमध्ये चिंपांझीला सर्दी करणाऱ्या एका विषाणूचा, वाढण्याची क्षमता काढून घेतलेला सांगाडा वापरला आहे. अशा विषाणूच्या एका कणाचे वजन पंधरा कोटी डाल्टनच्या घरात जाते. डायलायझरच्या छिद्रातून तो जाण्याची बातच नको.

म्हणजे सोमवारची लस गुरुवारी धुतली जात नाही. बुधवारीही नाही, महिन्यानेही नाही.

मग घोडे अडते कुठे?

लस टोचल्यावर सगळ्यात आधी दंडातल्या काही पहारेकरी पेशी, ज्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात, त्या विषाणूच्या तुकड्याचा नमुना उचलतात आणि काखेतल्या ग्रंथीत नेतात. तिथे असंख्य टी-पेशी असतात. त्यांतल्या ज्या मोजक्या पेशींना तो नमुना जुळतो, त्या जाग्या होऊन स्वतःची संख्या वाढवतात. मग त्या बी-पेशींना इशारा देतात. इशारा मिळालेल्या बी-पेशींचे पुढे प्रतिपिंडे ओतणाऱ्या पेशींत रूपांतर होते आणि काही बी-पेशी आठवण जपून बसतात. पुढच्या खेपेला तोच विषाणू आला की कामाला लागायला त्यांना वेळ लागत नाही.

किडनी निकामी झालेल्या माणसात यातली जवळजवळ प्रत्येक पायरी डगमगते. मशीन आठवड्यातले आठ किंवा बारा तास चालते. निरोगी किडनी १६८ तास चालते. मधल्या काळात रक्तात साठणारी विषारी द्रव्ये, आणि छिद्रांतून नीट न निघणारी मध्यम वजनाची द्रव्ये, डेंड्रायटिक पेशींना सुस्त करतात. नवा नमुना ओळखू शकणाऱ्या कोऱ्या टी-पेशींची संख्या रोडावते. उरलेल्यांपैकी बऱ्याच वयापेक्षा लवकर म्हाताऱ्या झालेल्या असतात. बी-पेशीही कमी भरतात. गंमत अशी की याच शरीरात दाह मात्र कायम धुमसत असतो. म्हणजे प्रतिकारशक्ती एकीकडे विनाकारण चिडलेली आणि दुसरीकडे नेमक्या शत्रूपुढे ढिली.

यात भर पडते ती बाकीच्या गोष्टींची. मधुमेह हे किडनी निकामी होण्याचे आपल्याकडचे मोठे कारण, आणि मधुमेहाने प्रतिकारशक्ती आधीच पोखरलेली असते. पथ्यापायी, भूक मेल्यामुळे आणि पैशांच्या ओढाताणीने पोटात प्रथिने कमी जातात. प्रतिपिंडे हीसुद्धा प्रथिनेच आहेत. ज्याच्या रक्तात अल्ब्युमिन कमी, त्याला लस कमी लागू पडते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, यात नवल नाही.

हिपॅटायटिस-बीने आधीच सांगितलेले

कोरोनाच्या आधी कित्येक वर्षे डायलिसिस विभागांना हा प्रकार माहीत होता. रक्ताशी सतत संबंध येणाऱ्या या रुग्णांना हिपॅटायटिस-बी, म्हणजे यकृताला सूज आणणारी विषाणूजन्य कावीळ, होण्याचा धोका मोठा. त्यामुळे तिची लस त्यांना आवर्जून देतात आणि बाधित रुग्णांचे मशीन वेगळे ठेवतात. सुदृढ प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना या लसीच्या नेहमीच्या मात्रांनी संरक्षण मिळते. डायलिसिसवरच्या रुग्णांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास घसरते.

यावर तोडगाही निघाला होता. मात्रा दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमची. खेपा तीनऐवजी चार: सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. त्यानंतर रक्त तपासून प्रतिपिंडांची पातळी १० च्या वर आहे का पाहायचे, दरवर्षी पुन्हा पाहायचे आणि खाली गेली तर पुन्हा टोचायचे. डायलिसिसवरचा जुना रुग्ण हे वेळापत्रक तोंडपाठ सांगतो.

इतका ठळक अनुभव गाठीशी असताना कोरोनाच्या लसीचे वेळापत्रक ठरवताना डायलिसिसच्या रुग्णाला धडधाकट माणसाच्याच रांगेत, त्याच अंतराने उभे केले गेले. लशींच्या मूळ चाचण्यांत असे रुग्ण फारसे नव्हते, हे खरे. पण अंदाज बांधता येण्याजोगा होता, असे म्हणायला जागा आहे.

'घरी राहा' कुणाला सांगायचे?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या देशाला घरी बसवले गेले. डायलिसिसच्या रुग्णाला तो पर्यायच नव्हता. दोन पाळ्या चुकल्या की रक्तातले पोटॅशियम चढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. फुप्फुसात पाणी साठून रात्री उठून बसावे लागते. चंदगडकरांना जवळची मोठी वैद्यकीय सोय म्हणजे चाळीसेक किलोमीटरवरचे बेळगाव, नाहीतर गडहिंग्लज. कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर. बेळगावच्या वाटेवर शिनोळीनंतर राज्याची हद्द संपते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल सक्तीचा केला. आठवड्यातून दोनदा हद्द ओलांडावी लागणाऱ्या माणसासाठी बहात्तर तासांचा हा हिशेब काय होतो, ते ज्याचे त्याने मांडून पाहावे.

देशातल्या १९ मोठ्या रुग्णालयांच्या पाहणीत, पहिल्या टाळेबंदीच्या काळात सुमारे २८ टक्के डायलिसिस रुग्णांची किमान एक पाळी चुकल्याचे आढळले. पाळी चुकवणे धोक्याचे, आणि गाठणेही धोक्याचे. गाडीत दाटीवाटी, मग एकाच दालनात शेजारी-शेजारी खाटा, चार तासांचा मुक्काम, एक पाळी उठते तोवर दुसरी दाराशी. आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला १०४ वेळा. त्यात एखादा रुग्ण पॉझिटिव्ह निघाला की त्याच्यासाठी वेगळे मशीन शोधण्याची धावपळ. मुंबईत २०२० च्या उन्हाळ्यात कोविड झालेल्या डायलिसिस रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्रे ठरवून द्यावी लागली होती, ती याच कारणाने.

संसर्ग झाल्यावर काय होत होते, ते युरोपातल्या किडनी रुग्णांच्या नोंदींत दिसते. लस येण्यापूर्वीच्या पहिल्या लाटेत कोरोना झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी जवळपास पाचांतला एक २८ दिवसांच्या आत दगावला. म्हणजे एकाच माणसापाशी तीन गोष्टी गोळा झाल्या: संसर्गाची शक्यता जास्त, झाला तर मृत्यूचा धोका जास्त आणि बचावाची लस लागू पडण्याची शक्यता कमी. कोल्हापूर जिल्ह्याच्या बाबतीत त्यात आणखी भर पडली. २०२१ च्या जून-जुलैत राज्याच्या बहुतेक भागांत दुसरी लाट ओसरत असताना इथला संसर्गाचा दर चढाच राहिला आणि जुलैच्या शेवटी महापुराने रस्तेही बुडवले.

पुण्यातल्या दोन लसी

भारतात सुरुवातीला ज्या दोन लसी दिल्या गेल्या, त्या दोन्हींचे धागे पुण्यात जुळतात. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांची लस कोविशील्ड नावाने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा करून दिला. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला अख्खा विषाणू असतो. कोविशील्डचा वाहक विषाणू शरीरात वाढू शकत नाही. त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसालाही यांपैकी कुठल्या लसीतून कोरोना होण्याचा प्रश्न येत नाही. हे मुद्दाम सांगायचे कारण, 'आधीच अंगात ताकद नाही, त्यात लस कशाला' असे घरच्या माणसांनाही वाटायचे.

लस मुळीच लागू पडत नाही, असेही नाही. इस्राएलमध्ये फायझरच्या लसीचे दोन डोस घेतलेल्या ५६ डायलिसिस रुग्णांचे रक्त तपासले गेले. ९६ टक्क्यांत प्रतिपिंडे सापडली, पण त्यांची पातळी सुदृढ लोकांच्या निम्म्याहून कमी होती. कोविशील्डशी थेट संबंध असलेला निष्कर्ष लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांचा. ऑक्सफर्डच्या लसीचे दोन डोस घेतलेल्या, पण आधी कोरोना न झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी अनेकांची प्रतिपिंडे डेल्टा विषाणूला निकामी करण्यात तोकडी पडत होती. हा निष्कर्ष २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. डेल्टा हाच त्या वर्षी आपल्याकडे मुख्य विषाणू होता. तिसऱ्या डोसनंतर चित्र बरेच सुधारते, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले.

प्रतिपिंडे म्हणजे सगळे संरक्षण नव्हे. टी-पेशींची तयारी साध्या रक्त तपासणीत दिसत नाही, आणि लस घेतलेल्या डायलिसिस रुग्णांत गंभीर आजार आणि मृत्यू कमी झाले, हे निरनिराळ्या देशांत नोंदले गेले आहे. हिपॅटायटिस-बीमध्ये १० हा आकडा पुरेसा मानतात. कोरोनासाठी असा सर्वमान्य आकडा ठरलेला नाही. त्यामुळे खासगी प्रयोगशाळेतून पदरचे पैसे घालून केलेल्या अँटिबॉडी तपासणीचा रुग्णाला फारसा उपयोग झाला नाही.

पंचेचाळिशीची वेस

१ मार्च २०२१ ला लस खुली झाली ती साठीच्या वरच्यांना आणि ४५ ते ५९ वयातल्या ठरावीक व्याधी असलेल्यांना. केंद्राच्या त्या वीस व्याधींच्या यादीत डायलिसिसवरचे रुग्ण आणि किडनी बदललेले किंवा बदलण्यासाठी थांबलेले रुग्ण होते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवले की काम व्हायचे. पण पंचेचाळिशीच्या आतल्या डायलिसिस रुग्णाला ही यादी काही कामाची नव्हती. त्याचे वय आड येत होते.

अशा एखाद्या अडतीस वर्षांच्या रुग्णाचा हिशेब करून पाहिला तर व्यवस्था कुठे कमी पडली ते कळते. १ मे २०२१ ला अठरा वर्षांवरील सगळ्यांना लस जाहीर झाली. पण तुटवड्यामुळे महाराष्ट्राने मेच्या मध्यातच सरकारी केंद्रांवरचे १८ ते ४४ चे लसीकरण थांबवले, ते जूनच्या उत्तरार्धात सुरू झाले. समजा त्याला जूनअखेर पहिली कोविशील्ड मिळाली. १३ मेपासून दोन डोसांतले अंतर १२ ते १६ आठवडे झाले होते, म्हणजे दुसरा डोस सप्टेंबरच्या शेवटी. ज्याच्या शरीरात पहिल्या डोसने फारसे काही घडत नाही, त्याने डेल्टाचा सगळा हंगाम आधी लसीविना आणि मग एका डोसवर काढला. अधिक लोकांना निदान एकेक डोस मिळावा, हा त्या वाढीव अंतराचा व्यवहारी फायदा होता आणि तुटवड्यात तो पटण्यासारखाही होता. या थोड्या लोकांना त्यातून वगळले असते तर फार कुप्या खर्ची पडल्या नसत्या.

तिसऱ्या डोसची कथाही अशीच. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्यांसारख्या दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना जादा डोस सुरू केला. आपल्याकडे प्रिकॉशन डोस १० जानेवारी २०२२ ला आला, आरोग्य व आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि साठीवरच्या व्याधिग्रस्तांसाठी. आपला अडतीस वर्षांचा रुग्ण पुन्हा वयामुळे बाहेर. १० एप्रिल २०२२ पासून त्याला खासगी केंद्रात विकत घेता आला असता, पण दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने व्हायला हवे होते, म्हणजे जूनअखेर. जुलै २०२२ मध्ये हे अंतर सहा महिन्यांवर आले आणि १५ जुलैपासून ७५ दिवस डोस मोफत मिळाला. तोवर ओमायक्रॉनची लाट येऊन गेली होती.

लस डायलिसिसच्या खाटेपर्यंत का गेली नाही, यालाही एक साधे, कुपीएवढे कारण आहे. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा, आणि कुपी उघडली की सुरुवातीच्या नियमाप्रमाणे चार तासांत संपवायची. पाच-सहा मशीनच्या केंद्रात एका पाळीत दहा माणसे जमत नाहीत. पण दिवसाच्या दोन पाळ्या, नातेवाईक आणि सोबतचे चालक जमेस धरले असते तर दहाचा आकडा अवघड नव्हता. अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारने डायलिसिस केंद्रांनाच थेट लस पुरवायला सुरुवात केली. रुग्ण आठवड्यातून तीनदा स्वतःहून जिथे येतो, तिथे लस न्यायची, यात अक्कल फार लागत नाही. आपल्याकडे डायलिसिस आणि लस एकाच आवारात मिळणे हा बहुधा योगायोगाचा भाग राहिला, आणि सुयांच्या जखमा ताज्या असताना रुग्णाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रांगेत उभे राहावे लागले.

| डायलिसिसचा रुग्ण लस घेताना |
|---|
| फिस्टुलाच्या हातावर लस, रक्तदाबाचा पट्टा किंवा रक्त काढणे, यांपैकी काहीही नको. दुसरा दंड पुढे करावा आणि टोचण्याआधी सिस्टरना तसे सांगावे. |
| रक्त गोठू नये म्हणून मशीन चालू असताना हेपरिन देतात. त्याचा असर उतरायला काही तास लागतात. म्हणून लस डायलिसिस नसलेल्या दिवशी किंवा हेपरिन देण्याआधी घेतलेली बरी. बारीक सुई, नंतर निदान दोन मिनिटे घट्ट दाब, चोळू नये. |
| ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. थोडीफार लघवी होत असेल तर तीही त्या बंद पाडू शकतात. |
| 'लस घेतल्यावर भरपूर पाणी प्या' हा सल्ला या रुग्णांसाठी नाही. नारळपाणी आणि फळांचे रस तर नकोच. त्यांतले पोटॅशियम घातक ठरू शकते. |
| ताप आला म्हणून डायलिसिसची पाळी चुकवू नये. केंद्राला आधी फोन करून कळवावे. |

गुठळीची भीती

कोविशील्डमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात, ही चर्चा २०२१ मध्ये झाली आणि ब्रिटनमधल्या खटल्याच्या बातम्यांनी २०२४ मध्ये पुन्हा उसळली. ज्याचे सगळे जगणे एका वाहत्या फिस्टुलावर अवलंबून, त्याला ही बातमी जास्त झोंबणार. शिवाय डायलिसिसच्या रुग्णाला हेपरिन ठाऊक असते, आणि लसीनंतरचा हा दुर्मिळ आजार हेपरिनमुळे क्वचित होणाऱ्या एका आजारासारखाच असतो. दोन्हींत प्लेटलेटमधून बाहेर पडणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध शरीर चुकून प्रतिपिंडे बनवते. मग प्लेटलेट एकीकडे घटतात आणि दुसरीकडे भलत्याच जागी गुठळ्या होतात.

फिस्टुला बंद पडण्याची नेहमीची कारणे निराळी आहेत: शीर आत अरुंद होणे, रक्तदाब एकदम खाली जाणे, झोपेत हात अंगाखाली दाबला जाणे. लसीनंतरच्या गुठळ्यांचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीने मे २०२१ मध्ये दिलेला आकडा दहा लाख मात्रांमागे ०.६१ असा होता. नोंद न झालेल्या घटना धरून तो काही पट वाढवला, तरी कोरोना झाल्यास पाचांत एक मृत्यू या आकड्याच्या तो जवळपासही जात नाही.

आजूबाजूच्या माणसांची लस

ज्याला लस अर्धवट लागू पडते, त्याचे बरेचसे संरक्षण दुसऱ्यांच्या दंडात असते. घरचे, आठवड्यातून दोनदा नेणारा-आणणारा चालक, सुया टोचणारा टेक्निशियन, फरशी पुसणाऱ्या मावशी. लसीने संसर्ग पूर्ण थांबत नाही, पण त्याची शक्यता आणि काळ कमी होतो. टेक्निशियन आरोग्य कर्मचारी म्हणून १६ जानेवारी २०२१ पासूनच्या पहिल्या फळीत आले. चालक आणि नातेवाईक आपापल्या वयाप्रमाणे मागून आले. रुग्णाला केंद्रस्थानी धरून त्याच्याभोवतीच्या चार-पाच जणांना एकत्र लस द्यावी, असा विचार लसीकरणाच्या क्रमात कुठे दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू संपला नाही. संघटनेच्या त्याच वर्षीच्या शिफारशींत दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या लोकांना सहा किंवा बारा महिन्यांनी जादा डोस देण्याचा सल्ला होता. आपल्याकडे आता ही लस सहज मिळत नाही, त्यामुळे डोस घ्यायचा की नाही आणि कुठला, हे किडनीतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे लागते. फ्लूची दरवर्षीची लस, न्यूमोनियाची लस आणि हिपॅटायटिस-बीची वार्षिक तपासणी मात्र आजही हाताशी आहेत आणि त्याच बऱ्याचदा राहून जातात.

किडनी बदलण्यासाठी थांबलेल्यांच्या बाबतीत हे राहून जाणे महागात पडते. पश्चिम महाराष्ट्रातले रुग्ण पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत असतात आणि मेंदूमृत दात्याची किडनी उपलब्ध झाल्याचा फोन कधीही येऊ शकतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून त्यानंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांना तपासले, तेव्हा कोरोनाच्या लसीच्या दोन डोसांनंतरही प्रतिपिंडे फक्त ५४ टक्क्यांत सापडली. कांजण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी तर प्रत्यारोपणानंतर सहसा देतच नाहीत. म्हणून यादीत नाव घालतानाच कुठल्या लसी झाल्या आणि कुठल्या बाकी आहेत ते फाईलवर लिहून घ्यायचे आणि बाकीच्या डायलिसिस चालू असतानाच उरकायच्या.